लाइनवर ती राहू दे

सोमवार, ७ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बस अकराची, आली पावणेएकला. हाडं खिळखिळी झाली. पण घर बघितलं आणि तक्रार करायचं राहूनच गेलं, जे माझ्या बाबतीत नवलच. खाली प्रयोगशाळा, वर माझी राहायची खोली. प्रयोगशाळा म्हणजे तरी काय, दोन टेबलं, एक बेसिन, काचेच्या नळ्या आणि भिंतीला टेकून बाटल्यांच्या रांगा. आजूबाजूच्या चौदा गावांचं पिण्याचं पाणी तपासायचं आणि शेरा मारायचा, योग्य किंवा अयोग्य. मार्चपर्यंत मी इथली मुख्य, आणि हाताखाली फक्त बाटल्या गोळा करून आणणारे सायकलवाले काका. वरच्या खोलीची मोठी खिडकी रस्त्याकडे उघडते. गज आहेत, पण समोर बसथांबा दिसतो. घरची वाट रोज डोळ्यांसमोर राहील.

ही वही चिंगीने दिली. वय वर्षं सात, हुकूम मात्र साहेबाचे. रोज लिहायचं, काही लपवायचं नाही, आणि परत गेल्यावर ती सगळं वाचणार. निघताना ती रडली नाही. मी रडले, बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून. नवरोबा तिची वेणी घालायला शिकलेत. पहिली वेणी बैल बांधायला चालली असती, असं मी म्हटलं तर तोंड फुगवून बसले. रोज संध्याकाळी सातला व्हिडिओवर बोलायचं असं ठरलंय. चिंगीचा पुढचा दात हलतोय. तो पडेल तेव्हा मी समोर हवीच, ही तिची अट.

गाव फार शांत आहे. दुकानदाराकडे मेणबत्त्या मागितल्या तर त्याने नुसतं फळीकडे बोट दाखवलं. बायका नळावर भेटतात, मान हलवतात आणि जातात. शहरातल्या कटकटीनंतर बरं वाटलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

डोंबल बरं! इथे मोबाइलला रेंज म्हणून नाही. काल खिडकीत स्टूल ठेवून त्यावर उभी राहिले, एक हात गजातून बाहेर. चिंगी दिसली, आ वासलेली, आणि तशीच अडकली. पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र. अकरा मिनिटं मी माझ्या पोरीच्या पडजिभेकडे बघत उभी होते. मग गेलीच ती.

काका म्हणाले, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर थोडी रेंज येते. आज तिथे गेले. सत्तावन्न पायऱ्या. वर वारा असा की चिंगी म्हणाली, आई, तू मिक्सरमधून बोलतेस का? आणि लगेच रडायला लागली, तू सारखी अडकतेस म्हणून. हे असं मार्चपर्यंत नाही चालणार. दोन महिन्यांत पोर मला विसरेल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

नवरोबांनी शोध लावला. या गावात इंटरनेटची वेगवान लाइन आहे! घराघरांत आहे म्हणे, आणि मी वेडी टाकी चढतेय. त्यांनी तिथूनच अर्ज भरलासुद्धा. एरवी गॅसवाल्याला फोन करायला आठवडा लावणारा माणूस. चक्क कौतुक केलं मी त्यांचं.

शेजारच्या मावशींकडे चहाला गेले होते. एकट्याच असतात. त्या बोलत नाहीत, घशाचं काहीतरी दुखणं असावं. जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून उत्तर देतात. माझी बडबड मात्र मन लावून ऐकली. भिंतीवर फोटो आहे, नातवाचा वाढदिवस, मधोमध मावशी, केक भरवताहेत. मी विचारलं, कधी गेला होतात मुलाकडे? त्यांनी पाकीट पुढे ओढलं, पेन्सिल टेकवली, आणि काहीच लिहिलं नाही. मग कपबशा उचलल्या. म्हातारी माणसं, कशावरून काय आठवेल सांगता येत नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

वायरवाला येऊन गेला. नीटनेटका माणूस, बूट दारात काढून आला. कोपऱ्यात छोटी पांढरी पेटी बसवली, तिला एक हिरवा दिवा. मग म्हणाला, आता तासभर बोला. कशाबद्दल? कशाबद्दलही. लाइनला माणूस कळायला हवा, इथली पद्धतच तशी आहे म्हणे. मला काय, बोलायला सांगितलं तर मी दिवसभर बोलेन! चिंगीला हाका मारून दाखवल्या, झोपवताना गाते ते गाणं म्हटलं, नवऱ्याने न दुरुस्त केलेल्या गॅसच्या शेगडीबद्दल दहा मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला. वायरवाला हसला नाही. हसून दाखवा, म्हणाला. हसले. रडून दाखवा, म्हणाला. ते मात्र मी साफ नाकारलं.

शेवटी त्याने सांगितलं की जवळच्या नात्यातल्या माणसाने ओळख पटवली की लाइन सुरू होईल. तो निरोप नवऱ्याच्या फोनवर जाईल.

काकांना विचारलं, तुमच्याकडे का नाही लाइन? तर म्हणाले, माझी लेक दर शनिवारी बसने येते, दिवसभर भांडते आणि संध्याकाळी जाते, मला तेवढं पुरतं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

लाइन सुरू झाली. काय तो वेग! चिंगीच्या नाकावरचा तीळ दिसला. तिने दात हलवून दाखवला, पुढे-मागे, पुढे-मागे. मी म्हटलं हात लावू नकोस, नखं बघ किती घाण आहेत. अर्धा तास बोललो, एकदाही अडकलं नाही. माझ्या जिवात जीव आला. कामाचे अहवालही चुटकीसरशी गेले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

एक गंमत. वरच्या ऑफिसातून शाबासकी आली. म्हणे अहवाल आता फार सुटसुटीत असतात, पूर्वीसारखे टोमणे नसतात. वास्तविक शुक्रवारी मी एका विहिरीबद्दल खरमरीत लिहिलं होतं, की हे पाणी ज्याने पास केलं त्याने आधी स्वतः पिऊन दाखवावं. पाठवलेला अहवाल उघडला. ते वाक्यच नाही. त्या जागी ‘कृपया लक्ष द्यावे.’ मी असं आयुष्यात कधी लिहिलेलं नाही.

घसा बसलाय. पाणी बदललं की होतं तसं.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज नमुने जास्त होते. वर यायला साडेसात झाले, चिंगी वाट बघत असेल म्हणून धापा टाकत जिना चढले. फोन लावला तर नवरा म्हणाला, आता परत काय? आत्ताच तर अर्धा तास बोललीस.

मी म्हटलं, मी? मी आत्ता वर येतेय.

चिंगी मागून ओरडली, आई, दात पडला तेव्हा तू किती गोड टाळ्या वाजवल्यास!

दात पडला. मी नव्हते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी फोन बंद केला आणि पेटीसमोर बसले. हिरवा दिवा. तेवढाच.

शनिवार, २६ ऑक्टोबर

टाकीवर गेले. पेटीवरून बोलायचंच नव्हतं मला. सत्तावन्न पायऱ्या. रेंजची एक काडी आली आणि नवऱ्याने उचलला.

सरळ विचारलं. त्याने आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं. ओळख पटवायला त्याच्याकडे दोन आवाज आले होते. एकात मी शेगडीवरून तणतणत होते. दुसऱ्यात मी विचारत होते, जेवलास का, दमला असशील. खाली प्रश्न, यातलं तुमचं माणूस कोणतं?

त्याला कळलं होतं. पहिल्या सेकंदाला कळलं होतं, त्यानेच सांगितलं. बारा वर्षांचा संसार, नाही कसं कळणार?

आणि त्याने दुसऱ्यावर खूण केली.

का, म्हटलं. म्हणाला, दमलो होतो गं. ती भांडत नाही. चिंगी शांत झोपते. तू तिकडे तुझं काम कर, इकडचं सगळं छान चाललंय.

केसाने गळा कापला माझा. मारहाण केली असती, दुसरी बाई आणली असती, तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. याने मलाच आणली, माझ्या जागी. शिव्या द्यायला तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली. पलीकडे तो हॅलो, हॅलो करत राहिला. मग काडी गेली. नंतर चाळीस मिनिटं उभी होते, परत आली नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

आवाज जवळजवळ गेला. कुजबुज उरली आहे, तीही सकाळची.

मावशींकडे गेले. मला बघून त्यांना सगळं समजलं. आज त्यांनी लिहिलं. पाकिटामागून पाकीट.

त्यांच्या मुलानेही दुसरीवरच खूण केली होती. इथे सगळ्यांच्या माणसांनी तेच केलंय, दुकानदाराच्या भावाने, नळावरच्या बायकांच्या नवऱ्यांनी. ज्याची ओळख पटत नाही त्याचा आवाज जातो. एका लाइनवर दोघं राहत नाहीत.

फोटोचं विचारलं. लिहिलं, ‘ती मी नाही. ती एक दिवस लाइनवरून उतरली. माझं सामान घेऊन मुलाकडे गेली. मी मागून पोचले तर मुलाने दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, आई आत आहे.’

मी ते पाकीट तीनदा वाचलं. मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि उशीखाली ठेवलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आजची बस पकडायला निघाले होते. बस आलीच नाही, रस्त्यात बंद पडली. दुरुस्त होऊन आता शनिवारीच येणार.

वायरवाल्याला बोलावलं. कागदावर लिहून लिहून भांडले. त्याला राग येत नाही, दया येत नाही. बूट काढून आला, तसाच उभा. म्हणाला, एकदा फेरतपासणी मागता येते. रक्ताच्या नात्याने करायची, नवरा चालत नाही. आणि तो निकाल शेवटचा, सगळे नियम नवऱ्याच्या फोनवर पाठवलेत.

चिंगी! चिंगी मला ओळखेल. ती माझ्या पोटातून आली आहे, तिला कुणी फसवू शकत नाही. गुरुवारी सातला. तोवर घसा जपायचा, गरम पाणी, एक शब्द बोलायचा नाही. मी, आणि गप्प!

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सगळं लिहिते. काही लपवायचं नाही असं ठरलंय.

पडद्याचे दोन भाग झाले. एकात मी, दुसऱ्यात ती. माझाच चेहरा, माझाच निळा कुडता. फक्त झोप पुरी झालेली. वायरवाला माझ्या मागे उभा होता. चिंगी समोर, दाताच्या जागी खिंडार, नवऱ्याने घातलेली वेणी. आता वेणी छान येते त्याला.

ती दुसरी म्हणाली, माझी राणी, किती गोड दिसतेस.

मी सगळा जीव घशात गोळा केला आणि म्हटलं, परत नखं खाल्लीस?

चिंगीने पटकन हात पाठीमागे लपवले. मग खुदकन हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, ही माझी आई! ही खरी आई!

मी रडले. इतकी रडले की पुढचं नीट ऐकू आलं नाही. वायरवाल्याने विचारलं होतं, मग लाइनवर कोणाला ठेवायचं?

चिंगीने विचार केला. तिची विचार करायची सवय मला माहीत आहे, जीभ गालात घालते. मग शहाण्यासारखी म्हणाली, खरी आई तर घरी येणारच आहे. मग लाइनवर ती राहू दे. ती अडकत नाही.

मी नाही, नाही म्हणत होते. आवाज नव्हता. तिने मला टाटा केला. तिला वाटलं मी हसतेय.

माझी पोर चुकली नाही. लाइनवर जी राहत नाही तिचा आवाज जातो, हा नियम तिला कुणी सांगितलाच नाही. सांगायला हवा होता तिच्या बापाने. तो तिच्या मागेच सोफ्यावर बसला होता, मांडीवर हात ठेवून. सगळं माहीत असून बसून राहिला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

आवाज संपला. कुजबुजही नाही.

काका बाटल्या घेऊन वरच आले. त्यांना चिठ्ठी दाखवली, उद्या मला बसवर सोडा. ते म्हणाले, हो ना मॅडम, मघाशी मी टाकीवर होतो तेव्हाच तर बोलला तुम्ही फोनवर, बॅग जड आहे म्हणून. येतो की.

मी फोन केला नव्हता.

हिरवा दिवा विझलाय. दुपारपासून. पेटी हातात घेऊन बघितली, हलकी आहे, आत काही नसल्यासारखी.

बॅग भरून पलंगाखाली ठेवली. दाराला आतून कडी घातली, खुर्ची लावली. किल्ली खिळ्यावर आहे, तीनदा बघितली. तिच्या आधी पोचायचंय, बस्स. एवढंच.

शनिवार, २ नोव्हेंबर

खुर्ची बाजूला सरकवलेली. बॅग नाही. खिळा रिकामा. दार बाहेरून बंद —

डोळा लागला होता, पहाटे, बसल्या बसल्या, जेमतेम —

दार ठोकलं. हात सोलवटले. मावशी त्यांच्या खिडकीत आल्या. पाकीट धरलं काचेला. ‘मीही ठोकत होते.’ मग पडदा —

दहा चाळीस. खिडकीतून थांबा दिसतो. ती उभी आहे. माझा निळा कुडता, माझी बॅग. काका शेजारी, हसताहेत. तिने काहीतरी गोड म्हटलं असणार. काकांची लेक बसमधून उतरेल आता — ती ओळखेल का — नाही, तिने मला कधी पाहिलंच नाही —

गजांतून बाटल्या फेकल्या. नमुन्याच्या, काकांनी काल वर आणलेल्या, सगळ्या. फुटल्या रस्त्यावर. काकांनी वर बघितलं. तिनेही बघितलं. हात हलवला मला. प्रेमाने —

बस आली. आज वेळेवर —

काका बॅग चढवताहेत —

चिंगी, ही वही तुझी आहे. तू वाचणार आहेस म्हणालीस. कुणी आणून दिली, कधीही, तरी ऐक. संध्याकाळी बेल वाजेल. बाबा दार उघड म्हणतील. नको उघडूस. आधी आतून विचार, कोण. जी तुला दारातूनच ओरडेल, नखं दाखव म्हणेल, चपला सरळ ठेव म्हणेल, ती मी. आणि जी नुसती गोड हसून, माझी राणी म्हणत हात पुढे —